औषधाची सूट

बापू सुतारांची भांगेची गोळी तीन आणि राजमती मगदूमांची हृदयाची गोळी अठ्ठावीस, ही बातमी गल्लीत पसरायला दुपारसुद्धा लागली नाही. बापूंनीच ती पसरवली. ज्या माणसाला आयुष्यभर बायकोपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांनी भंगड म्हणून हिणवलं, त्याच्या हाती असा पुरावा लागल्यावर तो गप्प बसेल होय? कुंपणापाशी येऊन त्यांनी मोठ्यानं हाक मारली.

"काय वैनी, ऐकलं का? आमचं व्यसन तीन आणि तुमचं औषध अठ्ठावीस! आता काय सोडायचं आणि कुणी सोडायचं, सांगा बघू!"

"तुमच्या तोंडाचा आकडा किती येतोय ते बघा आधी, भाऊजी," असं म्हणून राजमतींनी दार लावून घेतलं.

पुण्यात राजमतींच्या मुलीला, चेलनाला, आईनं हे फोनवर सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. आई मात्र हसली नव्हती. पण हे चेलनाच्या ध्यानात यायला फार उशीर झाला.

तिला हसू येणारच, कारण हे आकडे काढणारा काटा तिचाच होता. म्हणजे एकटीचा नव्हे, संस्थेत चाळीसेक माणसं त्यावर राबली होती. पण काट्याचं गणित डॉ. चेलना मगदूमचं. दिसायला अगदी साधी वस्तू. दंडाला बांधायचा एक पट्टा आणि बशीएवढी तबकडी. तबकडीवर गोळी ठेवा, दारूचा थेंब टाका, मिश्रीची चिमूट टाका, त्यावर प्रकाशाचा एक किरण पडतो. प्रत्येक पदार्थाचे रेणू प्रकाश आपापल्या तऱ्हेनं विखुरतात, त्यावरून तो पदार्थ कुठला आणि किती, हे काट्याला कळतं. पट्ट्याच्या सुया केसाहून बारीक. तुमचं यकृत एखादं रसायन किती वेगानं फोडतं, मूत्रपिंडं किती गाळतात, तुमच्या जनुकांत काय दडलंय, हे त्या सांगतात. दोन्हींचा मेळ घालून एकच आकडा समोर येतो. तुमच्यासारख्या हजार माणसांनी ही वस्तू वर्षभर अशीच घेतली, तर त्यातल्या किती जणांना गंभीर इजा होईल, तो हा आकडा. दहाच्या आत हिरवा, वर लाल.

तोवर दारूचं माप वेगळं होतं आणि औषधाचं वेगळं. एक दुकानात विकली जाते, एकीसाठी पोलीस पकडतात, एक डॉक्टर लिहून देतात. पण शरीराला कुठली किती महागात पडते, हे एका पारड्यात घालून कुणी बघितलं नव्हतं. चेलनानं ते बघितलं, आणि घराघरांत धमाल उडाली. रात्रीच्या दोन पेगना 'तब्येतीसाठी घेतो' म्हणणाऱ्यांची दातखीळ बसली. कंबर दुखते म्हणून रोज गोळी खाणाऱ्या बायकांना आपल्या मूत्रपिंडांची काय दशा झालीय ते कळलं. 'मला लागू पडली, तूपण घे' असं म्हणून गोळ्यांच्या पट्ट्या शेजारणींना वाटायची जी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची उदार सवय, ती एका वर्षात निम्म्यावर आली. माणसं वाचली, खरोखर वाचली. चेलनाला त्याचा अभिमान होता आणि का नसावा?

सांगलीच्या जैन समाजानं तिचा सत्कार केला, तेव्हा आई पहिल्या रांगेत इरकल नेसून बसली होती. चेलना त्या दिवशी फार रंगून बोलली.

"आपण म्हणतो, हे औषध आणि ते व्यसन. पण हा फरक कुणी केला? आपण केला. शरीराला हेतू कळत नाही. तुम्ही दुखतंय म्हणून घेतली की मजा म्हणून घेतली, हे यकृत विचारत नाही. म्हणून माझ्या काट्यालाही हेतू कळत नाही. तो फक्त खरं बोलतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतून एक उंच बाई उभी राहिली. मिरजेच्या हृदयरोगतज्ज्ञ, डॉ. नायकवडी.

"घेतली तर काय होईल, हे काटा सांगतो. घेतली नाही तर काय होईल, ते कुठं सांगतो?"

प्रश्न चेलनाला नवा नव्हता. सुरुवातीच्या आराखड्यात तो दुसरा आकडा होताच. तिनंच तो खोडला होता, आणि उगाच नव्हे. औषध कंपन्यांची माणसं तेव्हा संस्थेत खेटे घालायला लागली होती. साध्या पित्ताच्या गोळीलाही 'न घेतल्यास' म्हणून भला थोरला आकडा लावून द्या, असा त्यांचा धोशा होता. भीती घालून विकायचा तो धंदा चेलनाला आपल्या काट्यावर नको होता.

"ते डॉक्टरांनी सांगायचं," ती हसून म्हणाली. "तुम्हाला थोडं काम शिल्लक ठेवलंय मी."

सगळे हसले. नायकवडी बाई खाली बसल्या. आई तर सगळ्यांत जास्त हसली होती.

त्यानंतरचे महिने चेलनाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. काटा आता देशभर जाणार होता. सोमवारी दिल्लीत लोकार्पण, मंचावर चेलनाचं भाषण, आणि काट्याच्या नियमावलीच्या अखेरच्या मसुद्यावर तिची सही. त्या गडबडीत आईचा फोन यायचा आणि ती एका कानानं ऐकायची.

"यंदा चातुर्मासात आमच्या महिला मंडळानं नवा नियम काढलाय गं."

"हं."

"आपल्याकडं दरवर्षी कुणी बटाटा सोडतं, कुणी गूळ सोडतं. यंदा बायकांनी ठरवलं, काट्यावर लाल येईल ते सोडायचं. मंडळाच्या सोनाबाईंनी मिश्री सोडली, चाळीस वर्षांची!"

"वा! छान की. आई, मी नंतर करते हं फोन."

मग फोनवर आई धापा टाकायला लागली. विचारलं तर म्हणायची, जिना चढून आले. पुढच्या वेळी म्हणाली, पाण्याचा हंडा उचलला. चेलनाच्या मनात कुठंतरी खुट्ट व्हायचं, पण समोर दुसरा फोन वाजत असायचा.

रविवारी सकाळी बापू सुतारांचा फोन आला. हा माणूस कधी फोन करत नसे, कुंपणावरून ओरडण्यात त्याचं भागायचं.

"चेलू, तू ये बाई. वैनी काय बोलंनात. पायरी चढताना तीनदा थांबल्या, मी बघितलंय. डॉक्टरकडं चला म्हटलं तर माझ्यावरच डाफरल्या."

"येते, बापूकाका. लगेच निघते."

दुपारपर्यंत सांगलीला पोचायचं, आईला बघायचं, परत येऊन सकाळचं विमान पकडायचं, असा हिशेब करून ती निघाली. गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळं हातांना काम नव्हतं आणि तेच वाईट. भाषण उघडलं, मिटलं. बाटलीतलं पाणी तहान नसताना प्यायली. साताऱ्यापुढं रस्त्याचं काम चाललं होतं, तिथं गाडी तास दीड तास मुंगीच्या पावलानं सरकली. खाली उतरून ढकलावी असं तिला वाटायला लागलं.

चेलना चौथीत असताना आईचं ऑपरेशन झालं होतं. लहानपणीच्या तापानं हृदयाची एक झडप निकामी झालेली, तिच्या जागी डॉक्टरांनी धातूची बसवली. तेव्हापासून आईच्या छातीतून आवाज यायचा. शांत खोलीत स्वच्छ ऐकू यायचा, टिक्‌, टिक्‌, टिक्‌. 'माझ्या आईच्या छातीत घड्याळ आहे' असं तिनं वर्गात फुशारकीनं सांगितलं होतं. वडील गेले त्या वर्षी झोप येत नसे, तेव्हा आईच्या कुशीत शिरून तो आवाज ऐकत ती झोपायची. त्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आई रोज घ्यायची. तीच ती अठ्ठावीसवाली. आकडा खोटा नव्हता. त्या गोळीनं रक्तस्रावाचा धोका असतोच.

ती घरी पोचली तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. फाटक उघडून ती पुढं गेली आणि दारावरची पाटी बघून थबकली. हिरवी, चकचकीत, मंडळाची पाटी. 'हिरवं घर'. ज्या घरातल्या सगळ्या माणसांचा प्रत्येक आकडा दहाच्या आत, त्याच घराला मंडळ ती देई. बापूंच्या दारावर ती कधीच लागली होती आणि त्यांनी त्यावरून गल्लीला वैताग दिला होता. आपल्याही दारावर लागली हे बघून चेलनाला क्षणभर बरं वाटलं.

मग तिनं ती पाटी पुन्हा वाचली. अठ्ठावीस कुठं गेले?

"आलीस? हातपाय धू आणि आधी जेवून घे, दिवस कलला," आतून आईचा आवाज आला. सूर्य मावळल्यावर या घरात कुणी जेवत नसे, आई तर पाणीसुद्धा घेत नसे. ती ओट्याला टेकून भाकरी थापत होती. चेहरा मातकट झालेला आणि पावलं सुजून टम्म.

चेलनानं चप्पलसुद्धा काढली नाही. ती तशीच आत गेली, आईला मागून मिठी मारली, आणि लहानपणी लावायची तसा पाठीला कान लावला.

काहीच नाही. तिनं श्वास रोखून धरला. खोल कुठंतरी काहीतरी होतं, ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखं, दबलेलं. टिक्‌ नव्हती.

"आई, गोळी कधीपासून बंद आहे?"

राजमतींनी भाकरी तव्यावर टाकली. "चातुर्मास लागल्यापासून."

"काय? अगं तुला कळतंय का काय केलंस तू? झडपेवर गुठळी धरलीय! गॅस बंद कर, चल आधी!"

"ओरडू नकोस. नियम घेतलाय मी. बस्तीत देवासमोर, सगळ्या बायकांच्या देखत घेतलाय."

"औषध सोडायचा नियम कुणी देतं का? तूच सांगायचीस मला, प्रत्येक नियमाला औषधाची सूट असते म्हणून! उपास असला तरी, काहीही असलं तरी!"

"असायची," राजमती म्हणाल्या. धाप लागल्यानं त्या पाटावर बसल्या. "यंदा बायकांनी ती गाळली. सोनाबाई म्हणाल्या, राजमतीच्या चेलनानंच सांगितलंय, औषध आणि व्यसन असं काही नसतं, काट्याला दोन्ही सारखंच. मग सूट कुणाला द्यायची? मला विचारलं सगळ्यांनी, बरोबर ना म्हणून. मी काय सांगू? माझी मुलगी खोटं बोलली म्हणून सांगू?"

चेलना आईसमोर खाली जमिनीवर बसली.

"आपल्या घरात कधी दारूचा थेंब आला नाही, तंबाखू आली नाही. आणि ज्या मुलीचा काटा, तिच्याच आईच्या दारावर पाटी नाही! तो भंगड रोज कुंपणावरून हसतो. मला मेलीला काय होतंय? इतकी वर्षं खाल्ली की गोळी." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "तुझा शब्द खाली पडू नये, एवढंच माझ्या मनात होतं."

चेलनाला रडू फुटलं. तिला आईचा राग आला होता, सोनाबाईंचा आला होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला होता. पण रडत बसायला वेळ कुठं होता? तिनं गॅस बंद केला आणि खिडकीतून बापूंना हाक मारली. बापू लेंग्याची नाडी सावरत धावत आले. नको नको म्हणत असताना दोघांनी मिळून राजमतींना गाडीत बसवलं.

"माझ्या जिभेला हाड नाही बघ," गाडी मिरजेच्या रस्त्याला लागली तसे बापू पुढच्या सीटवरून पुटपुटले. "मी आपली गंमत केली. वैनी मनाला लावून घेतील असं वाटलं न्हाई गं."

"तुमचं काय चुकलं, भाऊजी?" राजमती डोळे मिटून म्हणाल्या. "आकडा तुम्ही थोडाच काढला?"

चेलनानं गाडीला वेग वाढवायला सांगितलं.

रुग्णालयात डॉ. नायकवडींनी तिला ओळखलं, पण सत्कारातल्या त्या प्रश्नाविषयी एक अक्षर बोलल्या नाहीत. तपासणीच्या पडद्यावर झडपेची दोन पानं दिसत होती. एक उघडत मिटत होतं, दुसरं गुठळीत रुतून जागच्या जागी अडकलं होतं.

"दुसरंही अडकलं तर संपलं," त्या चेलनाला बाजूला घेऊन म्हणाल्या. "ऑपरेशन या अवस्थेत त्यांना झेपणार नाही. गुठळी विरघळवणारं औषध थेंबथेंब द्यायचं, रात्रभर. आत्ता सुरू करायला हवं. तासभरसुद्धा थांबायला नको."

"मग थांबलोय कशाला?"

"तुमच्या नियमासाठी." नायकवडी बाईंचा आवाज सरळ होता, त्यात टोमणा नव्हता. "रुग्ण शुद्धीवर असेल तर आधी त्याला काट्यावरचा आकडा दाखवायचा आणि मग संमती घ्यायची. तुमच्याच मसुद्यातलं कलम. आम्ही गेल्या वर्षीपासूनच पाळतोय."

परिचारिकेनं राजमतींच्या दंडाला पट्टा बांधला आणि बाटली तबकडीवर ठेवली. किरण पडला. पडदा लालभडक झाला आणि आकडा उमटला, एकशे तीस.

राजमतींनी तो वाचला आणि मान फिरवली.

"नको."

"आई!"

"अठ्ठावीस सोडलं आणि एकशे तीस घेऊ? नियम मोडायचा तर एवढा मोडायचा? नको. जे व्हायचं ते होऊ दे." एकेका शब्दाला त्यांना दम लागत होता. "सूर्य आहे का अजून?"

पश्चिमेच्या खिडकीत तो होता, तांबडा, झाडांच्या शेंड्याला टेकलेला.

"आहे. आई, माझं ऐक. तुझ्यासारख्या हजार बायकांना हे दिलं तर एकशे तीस जणींना त्रास होईल, हे खरं आहे. डोक्यात रक्तस्राव होईल, काही जणी जातीलसुद्धा. मी तुझ्याशी खोटं बोलत नाही. पण नाही दिलं तर हजारातल्या निम्म्यासुद्धा वाचणार नाहीत. या आठवड्यातच जातील."

"मग हे तुझा काटा का सांगत नाही?"

खोलीत नायकवडी होत्या, परिचारिका होती, दारात बापू उभे होते. सगळे चेलनाकडं बघत होते.

"सांगू शकला असता," ती म्हणाली. "तो आकडा होता काट्यात. मी काढून टाकला. लबाड लोक त्याचा गैरफायदा घेतील म्हणून काढला. चोर शिरेल म्हणून मी दारच भिंतीत चिणून टाकलं, आई, आणि आत तू राहिलीस."

राजमतींनी मान पुन्हा तिच्याकडं वळवली. छाती नुसती वरखाली होत होती.

"तिथं भाषणात तू म्हणालीस, औषध आणि व्यसन हा फरक आपण केलाय."

"हो."

"आपण म्हणजे कोण गं? माणसांनीच ना? आपण केला म्हणून तो खोटा होतो होय? औषधाची सूट कुठल्या यंत्रानं दिली नव्हती. आपल्याच कुठल्यातरी पणजीनं, कुणीतरी कळवळून दिली असेल. पोर तापानं फणफणलं असेल तिचं." त्या थांबल्या, श्वास गोळा केला. "तू एकदा तुझ्या तोंडानं सांग. हे काय आहे?"

चेलनानं तबकडीवरची बाटली उचलली. पंधरा वर्षं तिनं हा शब्द आपल्या एकाही निबंधात येऊ दिला नव्हता. पदार्थ म्हणायचं, रसायन म्हणायचं, मात्रा म्हणायचं. तो शब्द आला की मन एका बाजूला झुकतं, असं ती विद्यार्थ्यांना शिकवत आली होती.

"औषध आहे, आई," ती म्हणाली. "हे औषध आहे. तुझी गोळीही औषधच होती."

"मग माझा नियम मोडत नाही. त्याला सूट आहे." राजमतींनी हात पुढं केला, पण परिचारिका सुई घेऊन आली तशी तिला थांबवलं. "थांब गं बाई, एक मिनिट. चेलू, हात जोड. तू कधी नियम घेतला नाहीस, आज घे. नुसता घेतल्याचा आकडा मी कुणाला सांगणार नाही. न घेतल्याचा शेजारी असल्याशिवाय नाही. म्हण."

सूर्य अर्धा बुडाला होता. चेलनानं हात जोडले, डोळे मिटले आणि शब्दाला शब्द लावून म्हटलं.

"किती दिवसांचा?" तिनं विचारलं.

"जन्माचा," राजमती म्हणाल्या आणि दंड सैल सोडला.

ती रात्र कशी गेली हे सांगण्यात अर्थ नाही, ज्यांनी अशी काढलीय त्यांना ठाऊक आहे. दर थोड्या वेळानं परिचारिका यायची, बुबुळांवर प्रकाश टाकायची, हात दाबायला सांगायची. राजमती दाबायच्या. बापू बाहेरच्या बाकावर बसून राहिले होते. त्यांनी संध्याकाळची गोळी घेतली नव्हती, त्यामुळं त्यांना झोप नव्हती आणि चुळबुळ सुटत नव्हती.

उजाडलं तेव्हा बाटली संपत आली होती. राजमतींचा चेहरा जरा उजळल्यासारखा वाटत होता, पण चेलनाचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास राहिला नव्हता. तिनं वाकून आईच्या छातीवर कान ठेवला. आधी तिला आपल्याच कानातली धडधड ऐकू आली. मग तिच्याखालून, बारीक, स्वच्छ, कडक.

टिक्‌. टिक्‌. टिक्‌.

ती तशीच राहिली. आईनं तिच्या केसांवर हात ठेवला आणि पुटपुटली, "वजन किती टाकतेस गं, घोडे." चेलना हसली आणि हसता हसता तिच्या नाकातून पाणी यायला लागलं.

फोन कधीचा थरथरत होता. संस्थेचे संचालक सबनीस सर दिल्लीहून बोलत होते. चेलनानं फोन स्पीकरवर टाकून उशाशी ठेवला, कारण दुसरा हात आईनं धरून ठेवला होता.

"चेलना, अगं आहेस कुठं? विमानात तू नाहीस. दुपारी कार्यक्रम आहे, सगळा देश बघतोय!"

"सर, मी मिरजेत आहे. आईला बरं नव्हतं. काटा आज बाहेर जाणार नाही. मी सही करणार नाही."

"काय बोलतेयस तू?"

"दुसरा आकडा परत घालायचा. 'न घेतल्यास'. प्रत्येक औषधाला. कंपन्यांना हात लावू द्यायचा नाही, आपण मोजायचा. किती वर्षं लागतील ती लागू देत."

"अगं, हे नंतर करता येईल! आज आहे ते जाऊ दे, वर्षभरात सुधारणा करू!"

"वर्षभरात किती घरांवर हिरव्या पाट्या लागतील, सर? त्यांतल्या किती दारांआड कुणीतरी आपली गोळी सोडून बसलेलं असेल?"

सबनीस सरांनी सूर बदलला. ते वाईट माणूस नव्हते, नुसते घाईत होते.

"आईंना आता बरं आहे ना? मग झालं तर. तू दमलीयस. आज फक्त सही कर, ऑनलाइन कर. बाकी मी बघतो."

"नाही येणार करता. मी नियम घेतलाय."

"नियम? कसला नियम?" त्यांना खरंच कळेना. "चेलना, तू शास्त्रज्ञ आहेस! आणि समजा घेतला असलास नियम, तरी तो काय दगडावरची रेघ असतो का? त्याला काही सूट बिट असेल की नाही?"

राजमतींनी डोळे न उघडता फोनच्या दिशेनं मान वळवली.

"असते की," त्या म्हणाल्या. "पण फक्त औषधाची."